निस्तरण्याची शंभर वर्षे : अलास्का सागरी राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य

संस्थेचा इतिहास म्हटला की आधी स्थापनेची तारीख द्यावी लागते. इथे ती देणे सोपे आहे, पण तिच्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. २ डिसेंबर १९८० रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी अलास्कातील राष्ट्रीय जमिनींविषयीच्या मोठ्या कायद्यावर सही केली आणि 'अलास्का सागरी राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य' हे नाव कागदावर आले. प्रत्यक्षात त्या कायद्याने आधीपासून वेगवेगळ्या नावांनी नांदणारी अकरा अभयारण्ये एका कार्यालयाखाली आणली आणि त्यांत आणखी काही जमिनीची भर घातली. त्यांपैकी सर्वांत जुनी १९०९ मधली. म्हणजे संस्था चाळिशी ओलांडलेली, पण तिच्यावरचे देणे शंभरीपलीकडचे.

विस्तार एकदा सांगून टाकतो. सुमारे २,५०० बेटे, खडक आणि समुद्रातून वर आलेले सुळके. हद्दीतली जमीन सुमारे ४९ लाख एकर. आग्नेयेला कॅनडाच्या सीमेजवळचे फॉरेस्टर बेट, पश्चिमेला अल्यूशियन साखळीच्या टोकाचे अट्टू. या दोहोंमधले अंतर तीन हजार किलोमीटरांहून अधिक. उत्तरेला बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून चुकची समुद्रातल्या कड्यांपर्यंत ही हद्द जाते. सुमारे चार कोटी समुद्रपक्षी इथे विणीला येतात. मुख्यालय होमर या किनारी गावात आहे, आणि बहुतेक बेटांवर माणूस राहत नाही. कर्मचाऱ्यांनाही आपले अख्खे कार्यक्षेत्र एका आयुष्यात पाहून होत नाही.

या संस्थेने शंभर वर्षांत काय केले, असे विचारले तर 'राखण' हा शब्द पटकन ओठांवर येतो. कागदपत्रे वाचत गेल्यावर मला मात्र 'निस्तरणे' हाच शब्द अधिक खरा वाटतो. माणसांनी या बेटांवर जे जे आणून टाकले, ते काढून घेण्यात तिची बहुतेक शक्ती गेली. त्यातले बरेचसे तिच्याच सरकारने आणलेले किंवा आणू दिलेले होते.

सुरुवात रशियनांपासून होते. १७४१ मध्ये व्हिटस बेरिंगची मोहीम या पाण्यातून गेली आणि परतलेल्या खलाशांनी समुद्री पाणमांजरांची कातडी सायबेरियात नेली. त्या कातड्यांना मिळालेला भाव पाहून फर-व्यापाऱ्यांची रीघ लागली. बेटांवर पूर्वापार राहणाऱ्या उनंगन लोकांना जबरदस्तीने शिकारीला जुंपले गेले. हिंसा आणि रोगराई यांनी त्यांची वस्ती काही दशकांत ओसाड होत गेली. १७८६ मध्ये गाव्रिल प्रिबिलॉफला फर सीलची विणीची बेटे सापडली, तेव्हा तिथे काम करायला उनंगनच नेले गेले. पाणमांजरे कमी होऊ लागली तशी व्यापाऱ्यांना दुसऱ्या कातड्याची गरज भासली. अट्टूवर १७५० मध्येच ध्रुवीय खोकडे सोडली गेली होती. पुढे एकेका बेटावर हीच युक्ती झाली. कुंपण नको, चारा नको, राखणदार नको. खोकडे सोडायची, चार-दोन वर्षांनी परत येऊन सापळे लावायचे.

त्यांना खायला होते ते पक्षी. या बेटांवर मूळचा एकही जमिनीवरचा शिकारी प्राणी नव्हता, म्हणून पफिन, पेट्रेल, ऑकलेट यांनी जमिनीत बिळे करून किंवा उघड्या गवतात अंडी घालण्याची सवय हजारो वर्षे जोपासली होती. खोकडांना आयते ताट वाढले गेले.

१८६७ मध्ये अमेरिकेने अलास्का ७२ लाख डॉलरांना विकत घेतले आणि हा धंदाही बरोबर घेतला. फर सीलची कत्तल इतकी झाली की शेवटी १९११ मध्ये अमेरिका, रशिया, जपान आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन अशा चौघांनी खुल्या समुद्रातली सीलची शिकार थांबवण्याचा करार केला. त्याच करारात पाणमांजरांनाही संरक्षण मिळाले. तोवर ती मोजकीच उरली होती.

अभयारण्याचे पहिले हुकूम याच काळातले. थिओडोर रुझवेल्ट यांनी कारकीर्दीच्या शेवटच्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्च १९०९ मध्ये, सह्यांचा सपाटाच लावला. सेंट मॅथ्यू आणि आसपासची बेटे, प्रिबिलॉफमधली दोन छोटी बेटे, सेंट लझारिया, टक्सेडनी, बोगोस्लॉफ. यांतले बोगोस्लॉफ हा जिवंत ज्वालामुखी आहे. त्याचा आकार दर काही वर्षांनी बदलतो. अगदी २०१६-१७ मध्येही त्याने महिनोन्महिने राख उडवून आपला नकाशा नव्याने काढायला लावला. सरकारने संरक्षण दिले त्या बेटाची किनाररेषा आज शिल्लक नाही. पक्षी आणि सील मात्र तिथे येतात.

१९१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी फॉरेस्टर, हेझी, चॅमिसो ही बेटे जोडली आणि ३ मार्च १९१३ रोजी सर्वांत मोठा हुकूम काढला : जवळजवळ सगळी अल्यूशियन साखळी राखीव. त्या हुकमाचे प्रयोजन वाचण्यासारखे आहे. मूळच्या पक्ष्यांसाठी विणीची जागा राखणे हे पहिले. त्याच दमात रेनडियर आणि फर देणाऱ्या प्राण्यांची पैदास, आणि मासेमारीला उत्तेजन. एकाच कागदावर पक्षी राखायचे आणि पक्षी खाणारे प्राणी वाढवायचे. त्या पिढीला यात विसंगती दिसली नाही, कारण उपयोगी प्राण्यांची बरकत आणि वन्यजीवांचे रक्षण या गोष्टी तेव्हा एकाच खात्याच्या, एकाच टेबलावरच्या फायली होत्या. त्यामुळे राखीव झाल्यानंतरही बेटे खोकड-पैदाशीसाठी भाड्याने दिली जात राहिली. १९२० च्या दशकात फरचे भाव चढले तेव्हा तर जास्तच. अलास्काच्या किनाऱ्यावरील साडेचारशेहून अधिक बेटांवर केव्हा ना केव्हा खोकडे सोडली गेली.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो ओलॉस म्युरी यांनी. १९३६ आणि १९३७ च्या उन्हाळ्यांत 'ब्राउन बेअर' या सरकारी बोटीवरून त्यांनी साखळी पालथी घातली, पक्ष्यांच्या वसाहती मोजल्या आणि खोकडांची विष्ठा गोळा करून तपासली. तिच्यात पिसे आणि हाडे निघाली. अल्यूशियन कलहंस, जो पूर्वी अनेक बेटांवर सहज दिसे, तो जवळजवळ नाहीसा झाल्याचे त्यांना आढळले. खोकडांचा धंदा बंद करून काही बेटे पक्ष्यांना परत द्यावीत, ही त्यांची शिफारस. त्यांचे या प्रदेशावरचे मोठे पुस्तक छापून यायला १९५९ साल उजाडले, कारण मध्ये युद्ध आले.

जून १९४२ मध्ये जपानी सैन्य अट्टू आणि किस्का या बेटांवर उतरले. अट्टूवरच्या चाळीसच्या आसपास उनंगन रहिवाशांना होक्काइदोच्या ओतारू गावी कैदेत नेले. उरलेल्या बेटांवरच्या उनंगनांना अमेरिकेच्याच सरकारने उचलून आग्नेय अलास्कातल्या पडक्या मासळी-कारखान्यांत आणि खाण-वसाहतींत कोंबले. तिथे अनेकजण आजाराने गेले. मे १९४३ मध्ये अट्टू परत घेतले गेले, पण युद्ध संपल्यावर अट्टूच्या लोकांना आपल्या गावी परतू दिले नाही. पक्ष्यांच्या इतिहासात ही हकिगत कशाला, असे कोणी म्हणेल. जी बेटे आज 'निर्मनुष्य' म्हणून नोंदली जातात, त्यांतली काही अशी निर्मनुष्य झाली आहेत, म्हणून.

सैन्याबरोबर धावपट्ट्या, बराकी, तेलाची पिंपे आली आणि जहाजांतून उंदीर उतरले. सेंट मॅथ्यूवर १९४४ मध्ये तटरक्षक दलाने आपल्या दिशादर्शन केंद्रातील माणसांसाठी आपत्कालीन अन्न म्हणून २९ रेनडियर सोडले. वर्षभरात केंद्र बंद झाले, रेनडियर राहिले. खायला भरपूर दगडफूल, शिकारी कोणी नाही. १९६३ मध्ये त्यांची संख्या सहा हजारांवर पोचली आणि मग दगडफूल संपले. १९६३-६४ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कळपच्या कळप आडवे झाले. डेव्हिड क्लाइन हे संशोधक १९६६ मध्ये तिथे गेले तेव्हा ४२ उरले होते, आणि त्यांत विणीचा नर एकही नव्हता. पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकांत हा आलेख जगभर शिकवला जातो. तो एका संरक्षित बेटावरचा आहे हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

पाव शतकाहून अधिक काळ हे अभयारण्य होते, पण अभयारण्यात राहणारा अधिकारी नव्हता. तो आला युद्धानंतर. रॉबर्ट जोन्स, सगळ्यांचे 'सी ऑटर' जोन्स. युद्धात ते याच बेटांवर सैन्यात होते. नंतर वन्यजीव सेवेत शिरून कोल्ड बे येथे त्यांनी ठाण मांडले. डोरी नावाच्या उघड्या होडीतून, धुक्यात आणि उलट्या प्रवाहांत, ते बेटामागून बेट फिरत. १९४९ मध्ये त्यांनी आमचिट्का बेटावरून खोकडे हटवण्याचे काम हाती घेतले. सेवेने वाढू दिलेला प्राणी सेवेनेच मारायचा, ही कामाची दिशा तिथून ठरली.

कलहंसाचे काय झाले, हे कोणालाच नक्की माहीत नव्हते. जोन्स यांचा तर्क साधा होता. ज्या बेटावर खोकड पोचले नसेल, तिथेच पक्षी असेल. आणि खोकड तिथेच पोचले नसेल जिथे होडी लावायला धड जागा नाही. असे बेट एकच दिसत होते, बुल्दिर : आजूबाजूच्या बेटांपासून शंभर-शंभर किलोमीटर दूर, चहूकडून लाटा. १९६२ मध्ये ते तिथे उतरले आणि कड्यांवरून उडणारे कलहंस त्यांना दिसले. पुढच्या वर्षी त्यांनी काही पिल्ले पकडून आणली आणि त्यांच्यापासून बंदिस्त पैदास सुरू झाली. १९६७ मध्ये अमेरिकेची संकटग्रस्त प्राण्यांची पहिली अधिकृत यादी निघाली, तीत अल्यूशियन कलहंस होता.

बंदिस्त जागेत वाढलेली पिल्ले खोकडमुक्त बेटांवर सोडण्याचे पहिले प्रयत्न फसत गेले. गरुड त्यांना सहज टिपत आणि वाट दाखवायला मोठे पक्षी नसत. शेवटी बुल्दिरवरच्या रानटी कुटुंबांनाच उचलून दुसऱ्या बेटांवर नेले, तेव्हा घडी बसू लागली. दुसरा अडसर हिवाळ्याचा होता. पायांत कडी घातलेले कलहंस १९७० च्या दशकात उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिसले आणि तिथली शिकार बंद करण्यात आली. खोकडे हटवण्याचे कामही चालूच राहिले. १९७२ नंतर सरकारी जमिनीवर विष वापरण्यावर निर्बंध आले, तेव्हा माणसे महिनोन्महिने बेटावर राहून सापळ्यांनी आणि बंदुकीने काम करू लागली. अट्टूवरचे खोकड १९९९ मध्ये संपले. आजवर चाळीसहून अधिक बेटे अशी मोकळी झाली आहेत. २००१ मध्ये कलहंस संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. तेव्हा त्यांची संख्या तीस हजारांच्या वर होती आणि पुढे ती कित्येक पटींनी वाढली. आता कॅलिफोर्नियाचे गुराखी कुरकुरतात की हे पक्षी वसंतात येऊन गुरांचे गवत फस्त करतात. निस्तरण्याचे काम यशस्वी झाले की त्यातूनही निस्तरायला काहीतरी निघतेच.

खोकडांनी पक्ष्यांपलीकडे काय केले होते, हे फार उशिरा उमगले. खोकड असलेली आणि नसलेली बेटे शेजारी-शेजारी ठेवून केलेला अभ्यास २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. समुद्रपक्षी समुद्रात खातात आणि जमिनीवर शिटतात. त्या शिटीच्या खतावर या बेटांवरचे कमरेइतके गवत उभे असते. पक्षी गेले तसे खत थांबले आणि गवताच्या जागी खुरट्या झुडपांचा टुंड्रा पसरला. एका प्राण्याने बेटाचा हिरवा रंगच बदलून टाकला होता.

आमचिट्काचे प्रकरण वेगळे सांगायला हवे. जिथून जोन्स यांनी खोकडे हटवली, तेच बेट अणुऊर्जा आयोगाने भूमिगत चाचण्यांसाठी निवडले. १९६५ मध्ये एक, १९६९ मध्ये दुसरी, आणि ६ नोव्हेंबर १९७१ रोजी 'कॅनिकिन' : जमिनीखाली सुमारे १,८०० मीटरवर, पाच मेगाटनांच्या आसपासचा स्फोट, अमेरिकेची सर्वांत मोठी भूमिगत चाचणी. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि चार विरुद्ध तीन मतांनी चाचणीला वाट मिळाली. तिला विरोध करायला कॅनडातून निघालेल्या एका होडीच्या सफरीतून ग्रीनपीस ही संघटना जन्मली. अभयारण्याच्या हद्दीत असे काही घडणार असेल तर अभयारण्याचा अधिकारी काय करू शकतो? थोडेच. काहीशे पाणमांजरे स्फोटाआधी उचलून आग्नेय अलास्का, ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टनच्या किनाऱ्यांवर सोडली गेली, आणि तिथे आज दिसणारी बरीच पाणमांजरे त्यांची वंशज आहेत. चाचणीनिमित्त मिळालेल्या पैशातूनच जेम्स एस्टिस यांच्यासारखे तरुण संशोधक इथे आले आणि १९७४ मध्ये त्यांनी दाखवून दिले की पाणमांजर अर्चिन हे काटेरी सागरी जीव खाते, म्हणून केल्प या मोठ्या शैवालाची समुद्री जंगले टिकतात. पाणमांजर गेले की अर्चिन केल्प कुरतडून टाकतात. बॉम्बच्या खर्चातून निघालेले हे शास्त्र आहे. ते चांगलेच आहे, पण बॉम्बच्या बाजूने युक्तिवाद म्हणून ते कोणी वापरू नये.

१९८० च्या कायद्याने एक गोष्ट मात्र खरोखर नवी दिली. या अभयारण्याच्या उद्देशांत समुद्रातील जीवनाविषयी राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय संशोधन चालवणे हे थेट लिहिले गेले. त्यामुळे संस्थेची खरी मत्ता आज तिच्या वह्यांत आहे. १९८७ मध्ये बांधलेले 'तेख्ला' हे ३७ मीटर लांबीचे जहाज उन्हाळ्यात हजारो सागरी मैल फिरून दोन-दोन, चार-चार माणसांना बेटांवर उतरवते आणि उन्हाळा संपता संपता उचलून नेते. मधल्या काळात ती माणसे कड्यावरचे तेच चौकोन, तीच बिळे, तीच घरटी मोजतात. बिळात खांद्यापर्यंत हात घालून अंडे आहे की पिल्लू, हे चाचपतात. वर्षानुवर्षे एकच गोष्ट मोजण्याला कंटाळवाणे म्हणणाऱ्यांनी पुढचा भाग वाचावा.

२४ मार्च १९८९ रोजी 'एक्सॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज फुटले, तेव्हा तेल अभयारण्याच्या बॅरन बेटांपर्यंत वाहत गेले आणि मर पक्ष्यांचे ढीग किनाऱ्याला लागले. ८ डिसेंबर २००४ रोजी सोयाबीन घेऊन निघालेले 'सेलेंडांग आयू' हे जहाज इंजिन बंद पडून उनालास्का बेटाजवळ दुभंगले. त्या जहाजावर भारतीय आणि फिलिपिनो खलाशी होते. त्यांना उचलणारे तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर प्रचंड लाटेने पाडले आणि सहा खलाशी बुडाले. दहा लाख लिटरहून अधिक इंधन आणि हजारो टन सोयाबीन अभयारण्याच्या किनाऱ्यावर पसरले. आशिया आणि अमेरिका यांच्यामधला जहाजमार्ग याच बेटांच्या फटींतून जातो.

आणि मग २०१४ ते २०१६. उत्तर पॅसिफिकचे पाणी असे तापले की माशांचे गणितच बिघडले. किनाऱ्यांवर साठ हजारांहून अधिक मेलेले मर गोळा झाले, पण समुद्रात किती बुडाले असतील? त्याचे उत्तर अभयारण्याच्या वह्यांत होते. हीदर रेनर आणि सहकाऱ्यांनी तेरा वसाहतींच्या जुन्या मोजण्या ताडून डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष मांडला : सुमारे ४० लाख मर, म्हणजे अलास्कातले निम्मे, गेले, आणि त्यानंतरच्या वर्षांत ते भरून आलेले नाहीत. खोकड मारता येते. तापलेल्या पाण्यावर अभयारण्याकडे कोणता सापळा आहे?

निसर्ग स्वतःही हिशेब विस्कटतो. ऑगस्ट २००८ मध्ये कसाटोची या ज्वालामुखी बेटावर दोन संशोधक ऑकलेट मोजत असताना जमीन हादरू लागली. अडाक बेटावरून आलेल्या एका मासेमारी होडीने त्यांना उचलले आणि काही तासांतच बेट फुटले. हजारो पिल्ले राखेखाली गेली. पुढच्या वर्षीपासून तेथे काय काय परतते, याची नोंद सुरू झाली.

२००८ मध्येच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, अभयारण्याने आजवरचे सर्वांत धाडसी काम केले. अठराव्या शतकात फुटलेल्या एका जपानी जहाजातून ज्यावर उंदीर उतरले होते ते बेट 'रॅट आयलंड' याच नावाने ओळखले जाई. दोन संस्थांच्या मदतीने हेलिकॉप्टरमधून तिथे विषारी आमिष पसरवले. २०१० मध्ये बेट उंदीरमुक्त ठरले; २०१२ मध्ये त्याला हवाडाक्स हे जुने उनंगन नाव अधिकृतपणे परत मिळाले. पण विषाने ४० हून अधिक गरुड आणि तीनशेहून अधिक कुरव पक्षीही मेले, आणि त्याबद्दल चौकशी झाली, टीका झाली. टीका रास्त होती. काही वर्षांत किनाऱ्यावरचे पक्षी परतले, ते गोगलगायी-लिंपेट खाऊ लागले आणि खडकांवरचे शैवाल पुन्हा दाट झाले, हेही तितकेच खरे. दोन्ही नोंदी एकाच फायलीत राहायला हव्यात.

सगळ्याच गोष्टी अशा काढता येत नाहीत. चिरिकॉफ बेटावर एकोणिसाव्या शतकापासून गुरे आहेत, ती काढावीत की राहू द्यावीत हा वाद राजकारणात अडकून पडला आहे. प्रिबिलॉफ बेटांवर उंदीर आजवर शिरू दिलेले नाहीत. २०२४ मध्ये सेंट पॉलवर एका रहिवाशाने उंदीर दिसल्याचे सांगताच सापळे आणि कॅमेरे लावले गेले. तेलगळतीपेक्षा उंदीर उतरण्याची भीती इथे जास्त.

पुढच्या कामाची आखणी सुरू आहे. अट्टू, किस्का, आमचिट्का आणि ग्रेट सिटकिन या चार बेटांवरचे उंदीर काढायचे आहेत. हवाडाक्स त्यांच्यापुढे लहान होते. किस्काच्या सिरियस पॉइंटवर, लाव्ह्याच्या दगडांच्या फटींत, लाखो ऑकलेट दरवर्षी अंडी घालतात, आणि त्याच फटींत उंदीर त्यांची अंडी, पिल्ले, प्रसंगी मोठे पक्षीही ओढून नेऊन साठवून ठेवतात. मंजुरी, निधी, आमिषाचे प्रमाण, गरुड कसे वाचवायचे याची तजवीज, उनंगन लोकांशी सल्लामसलत, हे सगळे धरून पहिल्या बेटापर्यंत पोचायलाच पाचेक वर्षे तरी लागतील, असा अंदाज आहे.